परमिट कोणाच्या नावावर?

(अंतिम वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)

'स्विचगिअर अँड प्रोटेक्शन' या विषयात मला ७८ मार्क मिळाले होते. बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जो प्रसंग सांगणार आहे त्यात या ७८ मार्कांचा काडीचाही उपयोग झाला नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो.

थर्ड इयरची परीक्षा संपली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखालच्या एका तालुक्यात, एका खासगी ठेकेदाराकडे ट्रेनिंगला जायला लागलो. ठेकेदाराचे आणि गावाचे नाव मुद्दामच देत नाही. काम होते ११ केव्ही लाईनचे वाकलेले खांब बदलायचे आणि लोंबकळलेल्या तारा ओढून घ्यायचे. मे महिना, वावरं नांगरून उघडी पडलेली, सावलीला एकच बाभूळ. माझे काम काय, तर वहीत मोजमापे लिहायची आणि सगळ्यांना पाणी आणून द्यायचे!

त्या दिवशी शेतीच्या फीडरवर काम होते. "दुपारी चारपर्यंत या फीडरला लाईट नाही, तोवर दोन खांब उरकून घ्या," असे सुपरवायझरने फोनवर सांगितले. गँगमध्ये आयटीआय करून नुकताच लागलेला एक पोरगा होता. असेल एकोणीस वर्षांचा. त्याने शिडी लावली, कमरेला पट्टा बांधला आणि चढायला लागला. चार-पाच पायऱ्या चढला असेल, तेवढ्यात पलीकडच्या खांबाकडून एक वयस्क वायरमन चहासाठी आले. त्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी वर पाहिले आणि अगदी सहज विचारल्यासारखे विचारले, "परमिट कोनाच्या नावावर हाय?"

कोणीच बोलले नाही.

"खाली ये बापू," काका त्या पोराला म्हणाले, "आधी चहा पिऊ."

ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. पोरगा उतरला. आम्ही बाभळीखाली बसून चहा प्यालो. साडेतीनही वाजले नव्हते, आणि पलीकडची डीपी एकदम घुमायला लागली. पाठोपाठ दूर एका विहिरीवरची मोटर ऑटो स्विचवर आपोआप सुरू झाली. लाईट आली होती. चारच्या आधी.

सबस्टेशनवरच्या ऑपरेटरची यात काहीही चूक नव्हती. या लाईनवर माणूस काम करतो आहे हे त्याला कोणी कळवलेलेच नव्हते. त्याच्या दृष्टीने तो एक रिकामा फीडर होता, त्याने तो चालू केला.

काकांनी ग्लास खाली ठेवला आणि त्या पोराला एकच प्रश्न विचारला. "चढताना तुले शंका आली होती का?"

"आली होती," तो म्हणाला. "पन सगळेच म्हणत होते लाईट नाही. मंग मी नवीन मानूस काय बोलू?"

मला त्या क्षणी घाम फुटला, कारण शंका मलाही आली होती. 'परमिट टू वर्क' यावर मी परीक्षेत सात मार्कांचे उत्तर लिहिले होते, आकृतीसकट. आणि तरी वही धरून गप्प उभा होतो. का? तर मी ट्रेनिंगचा पोरगा. आपण बोललो आणि चुकलो तर हसतील!

म्हणून हा लेख. अनुभवी माणसाने नवख्याला कसे सांभाळायचे, हा त्याचा विषय. पण वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. यातला नवखा म्हणजे नुसता आयटीआयचा पोरगा नाही. एक-दोन वर्षांनी तो नवखा आपण असणार आहोत.

तीन वाक्ये, तीन अर्थ

काकांनी दुसऱ्या दिवशी त्या पोराला (आणि न विचारताच मलाही) जे शिकवले, ते पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा जास्त होते. ते म्हणाले, लाईट नाही, लाईन बंद आहे आणि लाईन क्लिअर आहे, या तीन गोष्टी एक नाहीत.

'लाईट नाही' म्हणजे सध्या दाब नाही, एवढेच. भारनियमन असेल, वेळापत्रक असेल, कुठे फॉल्ट असेल. ती कधीही येऊ शकते. ग्रामीण भागात शेतीच्या फीडरला ठरावीक तासच थ्री फेज पुरवठा मिळण्याची सवय सगळ्यांना इतकी अंगवळणी पडली आहे, की 'आत्ता लाईट नसते' हेच लोकांना परमिट वाटते. आपल्याकडचा सगळ्यात मोठा सापळा हाच!

'लाईन बंद आहे' म्हणजे कोणीतरी ती मुद्दाम बंद केली आहे. ब्रेकर उघडला, आयसोलेटर उघडला किंवा एबी स्विच ओढला. हे 'लाईट नाही'पेक्षा बरे, पण अपुरे. ज्याने बंद केली तो जेवायला गेला आणि दुसऱ्याने येऊन दांडा चढवला, तर?

'लाईन क्लिअर आहे' याचा अर्थ मात्र पुरा आहे. सबस्टेशनला ब्रेकर आणि आयसोलेटर उघडले, तिकडून लाईन अर्थ केली, हँडलला कुलूप घातले, 'माणसे काम करीत आहेत' अशी पाटी टांगली, आणि हे सगळे झाल्याचे एका ठरावीक माणसाच्या नावाने, नंबर आणि वेळ घालून लिहून दिले. ते परमिट ज्याच्या नावावर आहे त्यानेच परत केल्याशिवाय लाईन चालू होत नाही. एकाच फीडरवर दोन गँग असतील तर दोन परमिटे, आणि दोन्ही परत आल्यावरच दांडा चढणार. काका 'परमिट आहे का' असे न विचारता 'कोणाच्या नावावर' असे का विचारत होते, ते मला तेव्हा कळले. 'आहे का' म्हटले की कोणीही मान हलवतो. 'कोणाच्या नावावर' म्हटले की नाव सांगावे लागते.

यातही कामाच्या जागेवर उरलेली पायरी आहेच. दाब तपासायचा, आणि तोही नीट. आधी टेस्टर चालू असलेल्या ठिकाणी लावून तो बोलतो का ते पाहायचे, मग आपल्या लाईनला लावायचा, मग पुन्हा चालू ठिकाणी. मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर तो प्रत्येक तारेला 'मेलेली' म्हणणार! (हा ११ केव्हीचा, लांब दांड्याचा टेस्टर. आपल्या खिशातल्या पेन टेस्टरने हे धाडस कोणी करू नये.) त्यानंतर डिस्चार्ज रॉड. आधी रॉडची क्लॅम्प जमिनीला जोडायची, मगच हुक तारेवर टाकायचा. काढताना उलटे, आधी तारेवरून, शेवटी जमिनीतून. क्रम चुकला तर रॉडची वायर हातात असलेला माणूसच अर्थिंग होतो. आणि काम चालू आहे त्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग हवे.

दोन्ही बाजूंना का? सबस्टेशन तर एकाच बाजूला असते! हा प्रश्न मी विचारला. काकांनी उत्तर दिले, "गावात लग्न हाय." मला काही कळेना. नंतर त्यांनी समजावले, आणि मग मी कागद-पेन घेऊन बसलो.

लग्नाच्या मांडवात जनरेटर असतो. तो चेंजओव्हर स्विच न लावता सरळ घराच्या वायरिंगला जोडला, तर त्याचे २३० व्होल्ट सर्व्हिस वायरवरून उलटे डीपीपर्यंत जातात. डीपी म्हणजे आपला ११०००/४३३ व्होल्टचा, डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर. एलटी बाजूला एका फेजच्या वाइंडिंगवर ४३३ भागिले १.७३२, म्हणजे २५० व्होल्ट. एचटी बाजूच्या वाइंडिंगवर ११०००. गुणोत्तर ४४. ट्रान्सफॉर्मरला वीज कोणत्या बाजूने आली याच्याशी देणेघेणे नसते. म्हणून २३० गुणिले ४४, दहा हजारांहून जास्त व्होल्ट, आणि तेही 'बंद' लाईनवर! आता कोणी हुशार मित्र म्हणेल की शेजारच्या घरांचा भार पडल्यावर तेवढासा जनरेटर लगेच बंद पडेल. बहुधा पडेल. पण 'बहुधा' या शब्दावर खांबावर चढता येत नाही. इन्व्हर्टरचे चुकीचे वायरिंग, शेजारून समांतर जाणारी दुसरी चालू लाईन, वरून तुटून पडलेली तार, अशी आणखीही कारणे आहेत. दोन्ही बाजूंच्या अर्थिंगमध्ये ही सगळी कारणे येऊन जातात.

हे कायद्यातही आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांमधला छत्तिसावा नियम सांगतो, की तारेला हात लावण्याआधी ती अर्थिंग करून किंवा अन्य योग्य रीतीने डिस्चार्ज करा, आणि काम चालू असताना ती चुकून चार्ज होणार नाही याची व्यवस्था करा. त्याच नियमात एक वाक्य आहे, ज्याकडे माझे अभ्यास करताना कधी लक्ष गेले नव्हते. चालू लाईनवर काम करणारा माणूस अधिकृत हवा हे तर खरेच, पण त्याला मदत करणारासुद्धा अधिकृत हवा. म्हणजे 'तो तर नुसता हेल्पर आहे' ही सबब कायद्याने तेव्हाच काढून घेतली होती. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आणि नंतर २०२३ चे सुरक्षा विनियम आले, तरी परमिट आणि अर्थिंगचा गाभा तोच राहिला.

काकांची शाळा

नवख्याला शिकवण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे फार चालतात. एक, "हो बाजूला, मी करतो." यात काम पटकन होते, पण पोरगा वर्षानुवर्षे पक्कड देणाराच राहतो. दुसरी, "पाण्यात ढकलला की पोहता येते." विहिरीत हे ठीक आहे, वरून उडी मारून काढणारा असतो. ११ केव्हीत ढकललेला पुन्हा शिकायला येत नाही.

काकांची पद्धत तिसरीच होती. तिला त्यांनी काही नाव दिले नव्हते. मी आपला सिव्हिलच्या मित्रामुळे तिला 'सेंट्रिंग' म्हणतो. स्लॅब टाकल्यावर टेकू किती दिवस ठेवायचे? आयएस ४५६ मध्ये साध्या सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस दिले आहेत. म्हणजे टेकू किती काळ हवा ते गाळ्यावर ठरते, घरमालकाच्या घाईवर नाही. आणि दुसरी बाजू, टेकू कायमचे ठेवायचे नसतात. तीन महिने झाले तरी काढायची हिंमत होत नसेल तर स्लॅबमध्येच गडबड आहे.

त्या पोराचे पहिले काही दिवस फक्त खालून पाहण्यात गेले. पण नुसते पाहणे नाही. काका वर काय करणार ते त्याने आधी सांगायचे. "आता काका टेस्टर लावतील, मग रॉड, आधी जमिनीला..." असे. सांगताना अडला की काका थांबत. दोन मिनिटे वाया जात, सुपरवायझर घड्याळ पाही. काकांना त्याचे काही नसे. मग स्टोअरच्या आवारात पडलेल्या, कशालाही न जोडलेल्या खांबावर सराव. मग रीतसर बंद केलेल्या एलटी लाईनवर, काका बरोबर. शेवटी पोरगा वर आणि काका खाली. पहिल्या दिवशी जे कोणी केले नव्हते ते आता रोज होऊ लागले, म्हणजे काम सुरू करण्याआधी परमिट घेणे. त्यासाठी पहिल्यांदा दोन तास उशीर झाला आणि सुपरवायझर बराच कुरकुरला.

हातमोजे तपासायचे कसे, तेही तेव्हाच शिकलो. मोज्याचे तोंड दोन्ही हातांनी धरून गुंडाळत जायचे, आत हवा कोंडते, मग फुगलेला मोजा गालाजवळ किंवा कानाजवळ न्यायचा. बारीक भोक असेल तर हवेची झुळूक लागते, सूं आवाज येतो. अर्ध्या मिनिटाचे काम. आमच्या लॅबमध्ये कपाटात हातमोज्यांची जोडी आहे, चार वर्षांत मी ती कधी उघडून पाहिली नव्हती.

आणि काकांची एक खोड होती. आवारात सराव चालू असताना ते मुद्दाम चुकीचे सांगत. "हां, आता हुक तारीवर टाक, क्लॅम्प नंतर लावू." पहिल्या वेळी पोराने मुकाट्याने तसेच केले. काका काही बोलले नाहीत, सगळे उतरवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. चार दिवसांनी पुन्हा तीच गंमत. या वेळी पोरगा थबकला, काकांच्या तोंडाकडे पाहिले, आणि म्हणाला, "काका, आधी जमिनीला ना?" काकांनी त्याला स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर दिली. माझ्या मते त्या पोराचे खरे ट्रेनिंग त्या दिवशी पूर्ण झाले. क्रम पाठ झाला म्हणून म्हणत नाही. आपल्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या माणसाला अडवायला तो शिकला होता.

हे अडवणे सोपे नसते, आणि ते फक्त आपल्या गावाकडचेच दुखणे आहे असेही नाही. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या टेनेरिफ विमानतळावर धुक्यात दोन जंबो जेट विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानाचा कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ, इतरांना शिकवणारा वैमानिक होता. त्याच्या मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की समोरचे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला गेलेले नाही. त्याने ती प्रश्नाच्या रूपात विचारलीही. कॅप्टनने ठामपणे उत्तर दिले, आणि विषय तिथेच संपला. पुढे विमान कंपन्यांनी वैमानिकांना यंत्राइतकेच एकमेकांशी बोलण्याचेही प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, त्यामागे या अपघाताचा मोठा वाटा आहे. म्हणजे आमच्या खांबाखाली शंका विचारलीच गेली नाही, तिथे विचारली पण हळू आवाजात. दोन्हीकडे एक गोष्ट नव्हती. 'थांबा' हा शब्द कोणीही उच्चारला तरी काम थांबेल, असा आधी ठरलेला करार.

काकांनी तो करार केला. "थांबा" म्हटले की जो जिथे आहे तिथे थांबणार, कारण नंतर विचारायचे. आणि थांबवणारा चुकीचा निघाला तरी त्याला कोणी हसायचे नाही. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा. त्या महिन्यात मी दोनदा 'थांबा' म्हटले, दोन्ही वेळा शंका फुकट गेली. एकदा तर मी ज्याला तुटलेला इन्सुलेटर समजलो ती कबुतराची घाण होती! काका शांतपणे म्हणाले, "बरं झालं पाह्यलं."

आता आपण स्वतःकडे पाहू. मशीन लॅबमध्ये ज्युनिअर कनेक्शन तपासून घ्यायला येतो तेव्हा आपण काय म्हणतो? "अरे, एवढंही येत नाही? बेसिक्स वाचून ये." तो पुन्हा येत नाही. पुढच्या वेळी तो न विचारता स्विच टाकतो. आपल्या टेबलावर ४१५ व्होल्ट असतात आणि घामेजलेल्या माणसाच्या शरीराचा रोध फार तर हजार ओहमच्या आसपास धरायचा. ओहमचा नियम आपल्याला पाठ आहे. २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर. साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात, १० च्या आसपास धरलेली तार हाताला सोडता येत नाही, आणि ३० च्या पुढे वेळ जाईल तसा हृदयाला धोका वाढत जातो. म्हणून तर घरातल्या आरसीसीबीवर ३० चा आकडा असतो. हे गणित ज्युनिअरला व्हायवाच्या आधी नाही, पहिल्या प्रॅक्टिकलला सांगायला हवे.

बोलून काम करण्याची सवय लागते कशी, हे पाहायचे असेल तर शेगाव स्टेशनवर या. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या जातात, इंजिनात लोको पायलट आणि सहायक दोघे असतात. सिग्नल दिसला की दोघेही त्याचा रंग मोठ्याने उच्चारतात, हात करून दाखवतात. सहायक नवा असो की जुना, त्याने बोलायचेच. जपानच्या रेल्वेत ही बोट दाखवून बोलण्याची पद्धत फार जुनी आहे, आणि तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये केलेल्या प्रयोगात साध्या कामातल्या चुका त्यामुळे साधारण सहापटीने कमी झाल्या. मला यातली मजा वेगळीच वाटते. नवख्याला 'बोलू का नको' हा प्रश्नच पडत नाही. बोलणे हीच त्याची ड्यूटी आहे.

नवा साहेब

आता आपल्या पोटावरचा विषय. आपल्यापैकी काहीजण महावितरणच्या परीक्षा देणार. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातला पुरवठा महावितरणकडे आहे. बुलढाणा मंडल, त्याखाली बुलढाणा, खामगाव आणि मलकापूर असे तीन विभाग, आणि वर अकोला परिमंडळ. तिथे खालून येणारा पोरगा विद्युत सहाय्यक म्हणून लागतो, तीन वर्षे त्या नावाने काढतो, मग तंत्रज्ञ, पुढे वरिष्ठ, प्रधान अशा पायऱ्या चढतो. आपण मात्र पदवी घेऊन थेट वरच्या बाजूने घुसतो. वय तेवीस, खांबावर चढल्याचा अनुभव शून्य, आणि हाताखाली पंचवीस वर्षे लाईनवर घालवलेला माणूस. तो आपल्याला 'साहेब' म्हणतो. सही आपली, जीव त्याचा!

इथे अनुभवी कोण आणि नवखा कोण? कागदावर एक उत्तर, खांबाखाली दुसरे. मला भीती वाटते ती ही, की 'साहेब' म्हणवून घेणारा नवखा विचारणार कोणाला? आयटीआयचा पोरगा निदान काकांना विचारू शकतो. साहेबाने विचारले तर साहेबकी जाते! आणि वळीवाचा वारा सुटून संध्याकाळी आठला अर्धा तालुका अंधारात गेला, फोनवर फोन यायला लागले, वरून 'किती वेळ लागेल' अशी विचारणा सुरू झाली, की जुना माणूससुद्धा गडबडतो. त्या वेळी नवा साहेब जर म्हणाला, "परमिट नंतर लिहू, आधी लाईन जोडा," तर त्याला अडवणारा कोण?

काकांना मी हे विचारले. ते हसले. म्हणाले, त्यांनी आजवर बरेच नवे साहेब पाहिले. चांगला कोण ते पहिल्याच आठवड्यात कळते. "जो मले विचारते, 'काका, तुम्ही माह्या जागी असते तर सही केली असती का?' त्या साहेबासंग मी कुठंबी जाईन."

एवढे वाक्य मी माझ्या वहीत, मोजमापांच्या पानावर, लिहून ठेवले आहे.

खाली उभा असलेला

शेवटी एक गोष्ट, जी नवख्याला सगळ्यात आधी शिकवायला हवी आणि आपण सगळ्यात शेवटी शिकवतो. अनुभवी माणूस वर चढतो, नवखा खाली उभा राहतो. म्हणजे वर काही झाले, तर वाचवणारा कोण? तोच, ज्याला काही येत नाही. काका पहिल्या दिवशी म्हणत, "माहा जीव तुह्या हाती हाय, पाह्य," ते काही भावनेच्या भरात नाही.

त्याला काय यायला हवे? धावत जाऊन हात लावायचा नाही, हे पहिले. सबस्टेशनचा नंबर फोनमध्ये पाठ, आणि फीडरचे नाव तोंडपाठ, कारण घाबरलेल्या माणसाला 'कोणता फीडर?' या प्रश्नाचे उत्तर आठवत नाही. तार जमिनीवर पडलेली असेल तर लांब ढांगा टाकत जवळ जायचे नाही. जमिनीतच दाबाचा उतार असतो, दोन पावलांतले अंतर जितके जास्त तितका दोन पायांतला फरक जास्त. पट्ट्याला लटकलेल्या माणसाला वर खांबावर छाती दाबून उपचार देता येत नाहीत, त्याला उतरवावेच लागते. त्यासाठी दोर कामाच्या आधीच काढून ठेवलेला हवा, गाडीत सामानाखाली नाही. आणि तो श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन, छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२०, ३० दाबांनंतर दोन श्वास, मदत येईपर्यंत. सबस्टेशनच्या भिंतीवर शॉक लागल्यावर करायच्या उपचारांचा तक्ता असतो. जुन्या तक्त्यांमध्ये माणसाला पालथा झोपवून पाठ दाबण्याच्या पद्धती दिसतात. कुठे तसा तक्ता लटकत असेल तर तो पाहून शिकू नका.

सुट्टीवरून परत आल्यावर मी हे होस्टेलवर सांगितले. एका मित्राचा भाऊ डॉक्टर आहे, तो एका रविवारी आला आणि आम्हाला शिकवून गेला. डमी नव्हतीच, म्हणून गादीची घडी करून तिच्यावर उशी बांधली. दोन मिनिटांत भलेभले जिमवाले घामाघूम झाले, आणि दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा ते न सांगता कळले. सध्या दर पहिल्या रविवारी सकाळी आठला, मेस उघडायच्या आधी, टीव्ही रूममध्ये सराव असतो. मागच्या वेळी अकरा जण होते, त्यात सेकंड इयरचे चार. सिव्हिल, मेकॅनिकल कोणीही चालेल. उशी आपापली आणा.